पथ्य झालं, आता जेवायला बसू

रात्री दहाला आमच्या स्वयंपाकघराचा ओटा पुसून लख्ख होतो आणि सव्वादहाला त्यावर पुन्हा वाट्या मांडल्या जातात. एकीत मेथ्या, एकीत बदाम, एकीत काळ्या मनुका, एकीत अक्रोड, एकीत चिया, आणि कडेला तांब्याच्या लोट्यात पाणी. यातली प्रत्येक वाटी कोणाच्या तरी शिफारशीवरून घरात आलेली आहे. मेथ्या सासूबाईंच्या मामेबहिणीनं सांगितल्या, कारण त्यांची शुगर म्हणे मेथ्यांनीच खाली आली. बदाम माझ्या आईचे. ते मुलीच्या दहावीसाठी सुरू झाले. मुलगी आता नोकरीला लागली, तरी दहावीचे बदाम चालूच आहेत. मनुका रक्तासाठी. अक्रोड दिसायला मेंदूसारखा म्हणून मेंदूसाठी. या न्यायानं दुधी कशासाठी खायचा, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही. चिया मुलीनं आणल्या. तांब्याचा लोटा सोसायटीच्या योगवर्गातून आला.

नवी वाटी आली म्हणून जुनी गेली, असं मात्र कधी झालं नाही. आरोग्याच्या गोष्टीला आमच्याकडे निवृत्तीचं वय नसतं.

सकाळी सहा ते साडेसात या वेळात हे सगळं क्रमानं पोटात जातं. मग चहा. चहा रिकाम्या पोटी नको, म्हणून दोन बिस्किटं. आणि साडेआठला नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतो, "नाश्त्याला काय आहे?"

"अरे, मघापासून एवढं खाल्लंस ते काय होतं?"

"ते हेल्दी होतं. नाश्त्याला काय आहे?"

मी पोहे भिजवायला घेते, कारण या उत्तरावर बोलण्यासारखं काही उरत नाही. पथ्याचं खाणं हे खाणं नव्हेच, ते औषधाच्या खात्यावर पडतं. जेवणाचं खातं वेगळं आणि त्यात कपात झालेली कोणाला चालत नाही. मी नात्यागोत्यातली, सोसायटीतली पुष्कळ घरं बघितली. सगळीकडे हेच. आपल्याकडे हेल्दी खाणं नेहमीच्या खाण्याच्या जागी येत नाही. ते त्याच्या आधी येतं.

ठाण्यातल्या निम्म्या लोकांसारखे आम्हीही एका आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आलो. बाई हुशार, बोलायला गोड. त्यांनी छापील तक्ता दिला. त्यात जागोजागी "एक वाटी" असं लिहिलेलं. एक वाटी वरण, एक वाटी पालेभाजी, अर्धी वाटी भात. प्रश्न असा की, कुठली वाटी? आमच्या मांडणीवर आणि माळ्यावर मिळून घराण्याचा इतिहास वाट्यांत साठवलेला आहे. सासूबाईंच्या लग्नातल्या जाड बुडाच्या पितळी वाट्या आहेत, कल्हईवाला आता येत नाही म्हणून त्या वर जाऊन बसल्या. माझ्या लग्नातल्या स्टीलच्या आहेत, देणाऱ्याचं नाव आणि तारीख घातलेल्या. त्यामुळे कोणी स्वस्तात काम भागवलं ते अजून रोज दिसतं. संक्रांतीच्या वाणात आलेल्या चिमुकल्या आहेत, ज्यांत पंचामृत सोडून काही मावत नाही. आणि नवऱ्याच्या थोरल्या मावशीनं दिलेली एक आहे. दुसऱ्या एखाद्या घरात तिला पातेलं म्हणाले असते. तक्ता आला त्या दुपारी नवऱ्यानं मांडणीवरून नेमकी तीच काढली.

"बाईंनी वाटीचं माप लिहिलेलं नाही," तो म्हणाला. हा माणूस बँकेत कर्जाचे कागद तपासतो. बारीक अक्षरात काय लिहिलेलं नाही, हे वाचण्याचाच त्याला पगार मिळतो.

कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं 1970 साली वाटी-चमच्यांची प्रमाणं देऊन नवशिक्यांची केवढी सोय केली! पण पाककृतीत वाटी कुठलीही चालते. दोन वाट्या रव्याला साखर किती हे एकदा ठरलं की वाटी लहान असो, मोठी असो, शिरा बिघडत नाही. फार तर शेजाऱ्यांना बोलवावं लागतं. पथ्यातल्या वाटीला असं कोणाशी प्रमाण नसतं. ती एकटी पडते, आणि एकट्या वाटीला घरातला कोणीही फितवू शकतो.

महाराष्ट्रात 2018च्या आसपास जी आहाराची लाट आली, तिनं तर घराघरांत उभी फूट पाडली. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, दोनदाच जेवा, आणि एकेक जेवण 55 मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं खा, घरचं खा, हंगामातलं खा, आणि साजूक तुपाला घाबरू नका. मराठी माणसाला वाद घालायला दोन बाजू मिळाल्या की तिसरं काही लागत नाही. लग्नाच्या पंगतीत लोक एकमेकांना "तुम्ही कोण?" असं विचारायचे आणि त्याचा अर्थ आडनाव असा नसायचा. आमच्याकडे नवरा दीक्षितांकडे गेला, मी आणि मुलगी दिवेकरांकडे. सासूबाई आधी तटस्थ होत्या. साजूक तुपाचं कळल्यावर आमच्या बाजूला आल्या.

दर खाण्यागणिक सुटणारं इन्सुलिन त्या दिवसांत इतकं घरगुती झालं, की शेजारच्या काकूंना लाडू दिला तर त्या ताटली परत करत म्हणाल्या, "नको गं, मघाशीच एकदा होऊन गेलंय माझं इन्सुलिन." जेवणाच्या अधेमधे पातळ ताक चालतं, असं नवऱ्यानं कुठेतरी ऐकलं होतं. पातळ या शब्दाकडे त्यानं फारसं लक्ष दिलं नाही. ताकाला थोडं जिरं, थोडं आलं, मग थोडी फोडणी, मग फोडणीत दोन कढीलिंबाची पानं, असं करत करत एके दिवशी त्याची कढी झाली. कढी आली म्हणजे मुठीएवढा भात आलाच.

शिवाय ती 55 मिनिटं. एरवी पंधरा मिनिटांत जेवून बातम्यांकडे वळणारा माणूस. त्याला मुदत मिळाल्यावर, ती वापरली नाही तर फुकट जाईल असं वाटायला लागलं. ताट पुसून झालं की घड्याळाकडे बघायचा. "अजून अर्धा तास आहे." परीक्षेत शेवटची घंटा होईपर्यंत पुरवण्या मागणाऱ्या मुलासारखा तो भात मागत राहायचा. आमच्या पक्षातही शिस्त होती अशातला भाग नाही. थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं, यात खाणाऱ्याला थोडंच खायचं असतं, करणाऱ्याला मात्र दर वेळी पूर्ण करावं लागतं. अकराला फळ चिरा, एकला जेवण, तीनला दाणे-गूळ, पाचला काहीतरी, साताला काहीतरी. मी घरून काम करते. त्या दिवसांत मी घरून स्वयंपाक करत होते आणि मधेमधे कंपनीला तोंड दाखवत होते. दोन्ही पद्धतींत काही खोट नव्हती. दोन्हींच्या मधे आमचं घर आलं, एवढंच.

तेलाचंही तसंच झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, माणशी महिन्याला अर्धा लिटर. आम्ही चौघं, म्हणजे दोन लिटर. हिशेब सोपा होता. पण एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी, हे एकदा कळल्यावर फोडणी करताना हात थरथरतो. कमी तेलात मोहरी तडतडत नाही. ती नुसती गरम होऊन कडवट चेहऱ्यानं बसून राहते. हिंग जळतो, हळद बुडाला लागते, आणि भाजीला फोडणीचा वास येण्याऐवजी बातमी येते. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. रोजचं तेल दोन लिटरच धरायचं, पण तळणाचं त्यात मोजायचं नाही. पापड, कुरडया, सणाच्या पुऱ्या, आल्यागेल्याची भजी यांना वेगळी पिशवी. "तळलेलं आपण कुठे रोज खातो?" या वाक्यावर ती पिशवी चालते. ती दर महिन्याला लागते, हा भाग वेगळा.

कच्चं खा, सॅलड खा, असा सल्ला सगळेच देतात. आमच्याकडे कच्ची काकडी कच्ची राहत नाही. शंभर ग्रॅम काकडीत पंधरा-सोळा कॅलरी. इतक्या गरीब भाजीला आधाराशिवाय पानात वाढणं सासूबाईंना बरं दिसत नाही. म्हणून तिला दाण्याचं कूट. शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, पण कूट मोजून घालायची पद्धत नाही. काकडीला सुटलेलं पाणी दिसेनासं होईपर्यंत ते घालायचं असतं. मग ओलं खोबरं, चवीपुरती साखर, वरून तुपाची जिरं-मिरचीची फोडणी. झाली खमंग काकडी. मुलीनं एकदा नुसती काकडी, टोमॅटो आणि लेट्यूसची पानं एका बाऊलमधे आणून ठेवली, तर सासूबाईंनी विचारलं, "हे चिरून ठेवलंयस, करणार कधी?"

या सगळ्या धामधुमीत भाकरी परत आली, ही मात्र झकास गोष्ट झाली. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं. ज्वारी, बाजरी, नाचणीला 'श्रीअन्न' असं सोवळ्यातलं नाव मिळालं आणि ही मंडळी मॉलच्या वरच्या फळीवर जाऊन बसली. भावही वरच्या फळीचाच. सासूबाई बार्शीच्या. त्यांच्याच जिल्ह्यात मंगळवेढा, जिथल्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकन आहे. काळ्या जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती पिकते. त्यांच्या माहेरी भाकरी रोजची आणि पोळी सणाची. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी लाल मिलो ज्वारी त्यांनी खाल्लेली आहे आणि तिचं नाव काढलं तर त्या अजून तोंड वाकडं करतात. त्यांच्यासमोर मुलीनं मॉलमधलं पाकीट ठेवलं आणि वरचं वाचून दाखवलं, "ग्लूटेन फ्री."

"म्हणजे काय नाही यात?"

"चिकटपणा नाही, आजी. गव्हात असतो तो."

"तो नाही म्हणून तर थापावी लागते, लाटता येत नाही. त्याचे जास्तीचे पैसे घेतले?"

मी अलिबागकडची. आमची भाकरी तांदळाची, उकड काढून केलेली, मऊ. ज्वारीच्या भाकरीत आजही माझा हात सासूबाईंइतका चालत नाही. त्यांचा बघण्यासारखा असतो. पीठ परातीत घ्यायचं, मधे आळं करायचं, उकळतं पाणी ओतायचं आणि चमच्यानं कालवून जरा दम धरायचा. मग तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं, पाण्याचा हात घेत. एका वेळी एकाच भाकरीचं. पीठ ताजं हवं; दळून बरेच दिवस झाले की त्याची विरी जाते आणि थापताना कडा चिरतात. पाकिटातलं पीठ कधीचं असतं देव जाणे. सासूबाईंनी ते चिमटीत धरून चोळलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. परातीत कोरडं पीठ भुरभुरून गोळा ठेवला. उजवा पंजा थापतोय, डाव्या हाताची बोटं कडेनं आधार देतायत, आणि भाकरी आपली आपण गरगरतेय. हा हा म्हणता ती परातभर झाली. दोन्ही हातांवर अलगद उचलून पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी पुरतं सुकायच्या आत उलथली. मग तवा बाजूला, भाकरी जाळावर, आणि ती टम्म. विरी गेलेल्या पिठाचीसुद्धा. मी केली तेव्हा त्याच पिठाच्या भाकरीचा महाराष्ट्राचा नकाशा झाला होता, कोकणपट्टी वेगळी पडलेला.

पण भाकरी आली म्हणून पोळी गेली का? छे. पोळी डब्याला लागते. आणि भाकरी एकटी येत नाही. तक्त्यात "एक भाकरी" एवढंच होतं. ती आली की तिच्या माहेरची सगळी मंडळी मागोमाग येतात हे बाईंच्या ध्यानात आलं नसावं. दुधीच्या बेचव भाजीबरोबर भाकरी खायची म्हणजे भाकरीचा अपमान. म्हणून पिठलं. पिठलं आलं की ठेचा. ठेचा तिखट लागतो म्हणून लोण्याचा गोळा. आणि हे सगळं असताना कांदा बुक्कीनं फोडून घेतला नाही तर काय अर्थ? दुधीची भाजी झाकून ठेवलेली असते. ती नंतर पोळीबरोबर खातात.

भरडधान्यांच्या आधी दहा वर्षं, 2013 साली, संयुक्त राष्ट्रांनी असंच किनोआचं वर्ष साजरं केलं होतं. ते धान्य आमच्याकडे जरा उशिरा पोचलं. मुलीनं शिजवलं, सासूबाईंनी दोन दाणे बोटावर घेऊन चष्म्याजवळ नेले आणि म्हणाल्या, "चाकवत जून झाला की असलंच बारीक बी धरतं." मी हसले. मग उगीच खात्री करायला बघितलं तर वनस्पतिशास्त्रात दोघांचं आडनाव एकच, चिनोपोडियम. राजगिरा त्यांच्याच भाऊबंदकीतला. म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून विमानानं, बोटीनं कसाबसा आलेला हा पाहुणा आपल्या चाकवताचा सख्ख्यातला निघाला. आणि आपला चाकवत इकडे भाजीवालीच्या टोपलीत मेथी-शेपूच्या खाली दबून पडलेला. त्या दिवशी संध्याकाळी ताकातला चाकवत झाला, हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालून, वर लसणीची फोडणी. किनोआही होता. आधी किनोआ खाल्ला, मग जेवायला बसलो.

उपासाच्या बाबतीत तर आपली भूगोलाची समज फारच उदार आहे. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो मूळचा अमेरिका खंडातला. बटाटा तिकडचा, रताळं तिकडचं, शेंगदाणा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची, राजगिराही तिकडचाच. कोलंबस 1492 साली त्या बाजूला पोचला नसता तर आषाढीला आपल्या ताटात वरीचे तांदूळ आणि केळं, एवढंच काय ते उरलं असतं. त्याच्या आधी पंढरपूरच्या वाटेवर लोक काय खाऊन उपास करत असतील? उपासच करत असतील बहुधा.

आमच्याकडे सध्या उपासाचे दोन संप्रदाय नांदतात. मुलगी रात्री आठ ते दुपारी बारा काही खात नाही. तिचं ते इंटरमिटंट फास्टिंग. सासूबाई एकादशीला सकाळी खिचडी, दुपारी भगर-आमटी, चारला रताळ्याचा कीस आणि रात्री थालीपीठ खातात. तो उपास. दोघी एकमेकींकडे काळजीनं बघतात. मुलगी सांगते, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. सासूबाई सांगतात, म्हणून तर त्यात एवढं दाण्याचं कूट घालायचं. आहारशास्त्राच्या दृष्टीनं हे उत्तर बिनतोड आहे.

बाजारातल्या हेल्दी वस्तूंबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे. तो माहीत झाल्यापासून मी दुकानात चष्मा लावून जाते. नाचणीच्या एका बिस्किटात पहिला मैदा होता, मग साखर, मग तेल, आणि नाचणी यादीत बऱ्याच खाली, मिठाच्या शेजारी अंग चोरून उभी. चित्रात मात्र कणसंच कणसं. गुळाचंही असंच. साखरेच्या शंभर ग्रॅमला 400 कॅलरी, गुळाच्या 380च्या आसपास. या वीस कॅलरींच्या भरवशावर लोक शिऱ्याची दुसरी वाटी घेतात. "गुळाचा आहे गं," असं म्हटलं की कुठलाही गोड पदार्थ आपल्याकडे तुळशीचा काढा होतो.

पण वजनाचं खरं कारण यांतलं एकही नाही. ते फ्रिजमधे असतं, दुसऱ्या फळीवर, झाकण नीट न बसणाऱ्या डब्यात. त्याचं नाव उरलंसुरलं.

आहाराच्या कुठल्याही तक्त्यात याला रकाना नाही. सकाळी सातचा आहे, अकराचा आहे, झोपतानाच्या दुधाचा आहे. रात्री साडेनऊला, सगळे उठून गेल्यावर, कढईच्या बुडाशी राहिलेल्या दीड डाव भाजीचा नाही. ती भाजी टाकवत नाही. अन्न टाकायचं नाही हे आपल्या हाडात भिनलेलं आहे आणि ते योग्यच आहे. ठेवावी म्हटलं तर "एवढ्याशासाठी डबा कशाला घाण करायचा?" असा प्रश्न समोर येतो. मग ती उभ्या उभ्या, कढईतूनच, उलथन्यानं खाल्ली जाते. बसून खाल्लं तर जेवण, उभ्यानं खाल्लं तर आवराआवर. आवराआवरीच्या कॅलरी कोण मोजतं? मुलीच्या ताटातला पोळीचा तुकडा, डब्यातून परत आलेली उसळ, पातेल्याला चिकटलेली खीर, चिवड्याच्या तळाशी उरलेले फक्त काजू (हे कसे उरतात हे मी सांगणार नाही). संध्याकाळी सूप पिऊनही आपलं वजन का वाढतं, असं विचारणाऱ्या बायकांना मी एवढंच विचारते, भांडी घासायला टाकण्यापूर्वी तुम्ही त्यांचं काय करता?

उरलेलं जास्त असेल तर मात्र त्याचा जीर्णोद्धार होतो. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा, शिळ्या भाताचा फोडणीचा भात. हे पदार्थ एका दृष्टीनं मूळ पदार्थांहून श्रेष्ठ आहेत, आणि ती दृष्टी तेलाची आहे. यातही अलीकडे नवऱ्याला विज्ञान सापडलं. भात शिजवून गार केला की त्यातल्या काही पिष्टाची ठेवण बदलते, ते सहज पचत नाही आणि साखर थोडी हळू चढते. हे खरं आहे. तेव्हापासून रात्री कुकर लावताना तो मागे येऊन हळूच म्हणतो, "एक वाटी जास्त लाव. उद्या रेझिस्टंट स्टार्च होईल." सकाळी त्याला रेझिस्टंट स्टार्च लागतो तो भरपूर कांदा, शेंगदाणे आणि सणसणीत फोडणी घातलेला, वर लिंबू पिळून, बाजूला पोह्याचा पापड. मावशीच्या वाटीत.

मागच्या रविवारी नणंद आली. ती कल्याणला असते आणि सध्या डाएटवर आहे, हे तिनं आदल्या दिवशी फोन करून बजावलं होतं. "वहिनी, माझ्यासाठी काहीही करू नकोस हं. मी तेलकट, गोड, भात, पोळी, काही खात नाही."

आता डाएटवर असलेला पाहुणा हा मधुमेही पाहुण्यापेक्षा अवघड. मधुमेह्याला काय चालत नाही ते तरी ठरलेलं असतं. मी तिच्यासाठी हिरव्या मुगाची धिरडी केली, पालकाचं सूप, वाफवलेल्या भाज्या, आणि पाणी वेगळं करून घट्ट केलेल्या दह्यात पुदिना. मग विचार केला, इतक्या दिवसांनी माहेरी येतेय, तिच्यासमोर आपण चौघं काय जेवणार? म्हणून आमच्यासाठी म्हणून वरणभात, बटाट्याची पिवळी भाजी, अळूचं फदफदं आणि पुरणपोळी. सासूबाईंनी सकाळी उठून पुरण वाटलं. लेकीसाठी नव्हे हो, सहज.

ताई आली. पानावर बसली. धिरडी दोन खाल्ली, सूप प्यायली, भाज्यांचं कौतुक केलं. मग सासूबाईंनी नुसतं म्हटलं, "पुरण गुळाचं आहे." ताईनं माझ्याकडे बघितलं. "वहिनीनं एवढं केलंय, तर नाही म्हणवत नाही. अर्धी दे." पुरणपोळी अर्धी वाढायची आपल्यात रीत नाही. तूप साजूक होतं, म्हणजे ते दिवेकरांच्या हिशेबानं चालणारं. दूधही घेतलं, कारण कॅल्शियम. अळूचं फदफदं पालेभाजीतच मोडतं. ते भाताशिवाय कशाशी खाणार? नवरा घड्याळाकडे बघून मधेमधे सांगत होता, "सावकाश होऊ दे ताई, अजून वीस मिनिटं आहेत."

जाताना मी तिला उरलेली धिरडी आणि चार पुरणपोळ्या बांधून दिल्या. भावोजींना आवडतात म्हणून. रात्री नऊला तिचा फोन.

"वहिनी, पोचले गं व्यवस्थित. जेवण अगदी हलकं होतं हं आज. मुगाच्या धिरड्याची कृती पाठव मला, त्यानंच एवढं हलकं वाटलं. रात्री मग मी काही खाल्लंच नाही."

"काहीच नाही?"

"नाही गं. आमच्याकडचं सकाळचं थोडं उरलं होतं, तेवढंच संपवलं. आणि धिरडी उद्यावर कशाला ठेवायची, म्हणून ती."

"आणि पुरणपोळ्या?"

पलीकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. मग भावोजींचा लांबून आला, "कुठल्या पुरणपोळ्या?"